हिशोब न लागलेली साखर

हंगामात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पहाटे चारला पाळी बदलते. जाणारा केमिस्ट जांभई देत वही पुढे सरकवतो, येणारा चहाचा कप बाजूला ठेवून ती उभ्याउभ्याच वाचतो. रसाचा ब्रिक्स, रसाची शुद्धता, बगॅसमध्ये, म्हणजे पिळलेल्या चोथ्यात, राहिलेली साखर, बगॅसचा ओलावा, मळीची शुद्धता, प्रेसमडमधली साखर. दर पाळीला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येकापुढे एक आकडा. बगॅसमधली साखर काल दोन टक्के होती आणि आज सव्वादोन दिसली, तर येणारा पहिला प्रश्न विचारतो तो ‘मिलवर काय झालं?’ हाच. त्या वहीत ‘ठीक’, ‘समाधानकारक’ किंवा ‘होय’ असा शब्द शोधूनही सापडत नाही.

ही वही म्हणजे चेकलिस्टच. पण धंद्यात आपण ज्या कागदाला चेकलिस्ट म्हणतो त्याच्याशी तिचं फारसं नातं नाही.

आपली चेकलिस्ट कशी असते ते सांगतो. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत माझ्या ओळखीतले एक गृहस्थ टर्निंगचं जॉबवर्क करतात. चार सीएनसी, दोन जुनी लेथ, अकरा माणसं. सगळे त्यांना आण्णा म्हणतात, म्हणून मीही. त्यांच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने कोणा सल्लागाराकडून यादी करवून घेऊन सगळ्या जॉबवर्कवाल्यांना वाटली होती. आण्णांनी ती लॅमिनेट करून शटरशेजारी टांगली होती. एक्केचाळीस मुद्दे. ‘यंत्रांची नियमित देखभाल होते का?’ ‘मालाच्या दर्जाची तपासणी होते का?’ ‘ग्राहकांच्या तक्रारींची दखल घेतली जाते का?’ दर शनिवारी सुपरवायझर पेन घेऊन वरून खाली टिका मारत जायचा. मी होतो त्या शनिवारी त्याला मिनिटभरही लागलं नाही. एक्केचाळीस प्रश्न, एक्केचाळीस होय.

“आण्णा, एवढं सगळं जागेवर आहे, मग अडचण काय?”

“अडचण कसली? काम भरपूर आहे. पैसा तेवढा राहत नाही.”

सुपरवायझर लबाड नव्हता. देखभाल होते का असं विचारल्यावर ज्याने महिन्यापूर्वी एकदा तेल बदललंय तोही ‘होय’ म्हणणार आणि जो रोज संध्याकाळी चिप्स काढून स्लाइड पुसतो तोही ‘होय’च म्हणणार. ‘का’ने संपणाऱ्या प्रश्नाला दोन वर्कशॉपमधला फरक पकडताच येत नाही; आणि फरक पकडता येत नसेल तर त्या यादीवरून कुणाची कुणाशी तुलना करायची? ‘किती?’ असा प्रश्न आला की माणसाला निदान वही तरी उघडावी लागते.

‘किती’च्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: ‘कशापासून?’ बेंचमार्क हा शब्द मुळात भूमापकांचा. दगडात किंवा भिंतीत आडवी खूण कोरायची, तिच्यात लोखंडी पट्टी बसवून मोजणीची काठी टेकवायची. पुढच्या वेळी येणारा भूमापक नेमकी त्याच खुणेपासून उंची मोजू लागतो. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली ‘समुद्रसपाटीपासून उंची’ लिहिलेली असते, ती आपण लहानपणापासून वाचत आलो. त्या ओळीतला आकडा कुणाच्या लक्षात राहत नाही, पण कशापासून मोजलं हे त्या पाटीने कधी गाळलेलं नाही. धंद्यातले आकडे मात्र आपण सर्रास ‘पासून’शिवाय फेकतो. मार्जिन वीस टक्के – विक्रीवर की खरेदीवर? शंभराचा माल सव्वाशेला विकला तर खरेदीवर पंचवीस टक्के होतात आणि विक्रीवर वीस. एकाच गल्लीतले दोन दुकानदार या एका शब्दावरून वर्षानुवर्षं एकमेकांवर जळत बसू शकतात.

धंद्यात बेंचमार्किंगची, म्हणजे दुसऱ्याच्या खुणेपासून आपलं काम मोजण्याची, चलती झाली ती झेरॉक्समुळे – जिचं नाव आपण प्रत काढण्यासाठी सर्रास वापरतो तीच कंपनी. १९५९ साली तिने ९१४ क्रमांकाचं यंत्र बाजारात आणलं आणि पुढे कितीतरी वर्षं तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जपानी कंपन्या अमेरिकेत कॉपियर विकू लागल्या, ते झेरॉक्सला जेवढा नुसता उत्पादनखर्च येई तेवढ्या किमतीला. पहिली प्रतिक्रिया आपल्याकडच्या कुठल्याही दुकानदाराची असते तीच: तोट्यात विकत असतील, किती दिवस टिकतील? १९७९ मध्ये कंपनीने प्रतिस्पर्ध्यांची यंत्रं खोलून भागाभागाचा खर्च काढायला घेतला. जपानमध्ये तिचीच एक भागीदार कंपनी होती, फुजी झेरॉक्स. तिथले आकडेही हाताशी आले. तोटा कुणी सोसत नव्हतं.

पुढचा किस्सा मला जास्त आवडतो. झेरॉक्सच्या गोदामातून सुटे भाग काढून पाठवायला फार वेळ लागायचा. कंपनीतले रॉबर्ट कॅम्प आणि त्यांचे सहकारी तुलनेसाठी दुसऱ्या कॉपियरवाल्याकडे गेलेच नाहीत. ते गेले मेन राज्यातल्या एल. एल. बीन या कंपनीकडे, जी बूट आणि कपडे टपालाने विकायची. बूट काय आणि कॉपियरचा ड्रम काय, मांडणीवरून वेड्यावाकड्या आकाराची वस्तू शोधून काढणं हे काम सारखंच. तिथली माणसं ते झेरॉक्सच्या तिप्पट वेगाने करत होती. कॅम्प यांनी पुढे १९८९ मध्ये बेंचमार्किंगवर पुस्तक लिहिलं आणि या विषयाला शिस्त आली. त्यानंतरच्या सल्लागारांनी पायऱ्या, चौकटी आणि आकृत्या यांची जी रास घातली तिच्यात मी शिरणार नाही.

त्यापेक्षा आपल्या शेजारी पाहू. अमेरिकेत हा शब्द गाजू लागला त्याच्या कितीतरी आधीपासून साखर उद्योग हे काम करत होता.

देशातल्या साखर कारखान्यांना उत्पादनाचे अहवाल ठरलेल्या नमुन्यात भरावे लागतात. हंगाम संपल्यावरच्या अंतिम अहवालाला ‘आर. टी. ८ (सी)’ म्हणतात. एकच फॉर्म, त्याच व्याख्या, मग कारखाना शिरोळचा असो की मुझफ्फरनगरचा. किती दिवस चालला, किती तास बंद होता, त्यातले उसाअभावी किती आणि यंत्र बिघडून किती, मिलने उसातली किती साखर रसात आणली, कुठल्या वाटेने किती गेली. १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झालेली आणि आता वसंतदादांचं नाव असलेली मांजरीची संस्था दरवर्षी असेच आकडे मांडून तांत्रिक कार्यक्षमतेची बक्षिसं देते. बक्षिसं देताना ती महाराष्ट्राचे विभाग पाडते – दक्षिण, मध्य, उत्तरपूर्व. ते का, हे समजलं की अर्धं बेंचमार्किंग समजलं.

बाहेरच्या माणसाला कारखान्याचा एकच आकडा माहीत असतो: उतारा. शंभर किलो उसातून किती किलो साखर पोत्यात पडली. ऊसदर त्याच्यावरच ठरतो. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान ऊसदर) होती आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. कारखान्याच्या बाजूनेही दशांशाची किंमत काढून पाहा. रोज पाच हजार टन गाळणारा कारखाना १६० दिवस चालला तर आठ लाख टन ऊस होतो. त्यावर ०.१ टक्का म्हणजे आठशे टन साखर. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरलेला ३१ रुपये किलो हा किमान विक्री दर धरला तरी दोन कोटी अठ्ठेचाळीस लाख. म्हणून वार्षिक सभेत कुणी हात वर करून ‘शेजारच्या कारखान्याचा उतारा आपल्यापेक्षा अर्ध्या टक्क्याने जास्त कसा?’ असं विचारलं की व्यासपीठावर चुळबुळ सुरू होते.

प्रश्न रास्त आहे, पण आकडा चुकीचा निवडलाय. उतारा हे शेत आणि कारखाना यांचं संयुक्त अपत्य. कोल्हापूरकडची जमीन, हवा, थंडी आणि तोडणीचं वेळापत्रक यांमुळे तिथल्या उसात मुळातच साखर जास्त असते. मराठवाड्यातल्या कारखान्याने कितीही जीव तोडला तरी उसात नसलेली साखर मिलमधून निघणार नाही. उत्तर प्रदेशाचं उदाहरण याहून ठळक आहे. करनालच्या ऊस पैदास केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी काढलेली को ०२३८ ही जात २००९ मध्ये प्रसारित झाली, उत्तर प्रदेशात शेतोशेती पसरली आणि तिथल्या कारखान्यांचे उतारे चढले. श्रेय घ्यायला मात्र व्यवस्थापकांनी वाट पाहिली नाही. पुढे त्याच जातीवर लाल कूज आली. कारखाने तेच, माणसं तीच, आणि आकडे मात्र घसरू लागले.

मग कारखान्याचं स्वतःचं कसब मोजायचं कसं? साखर तंत्रज्ञांनी यावर काढलेला तोडगा मला कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकातल्या युक्तीपेक्षा सरस वाटतो. उसात तंतू जास्त असले की मिलला रस पिळून काढणं अवघड जातं. नोएल डिअर, ज्यांनी साखरेचा दोन खंडी इतिहास लिहिला, त्यांनी सुचवलं की प्रत्येक मिलचा निकाल ‘उसात तंतू साडेबारा टक्केच असते तर काय आला असता’ असा बदलून लिहा. समजा एका मिलने ९६ टक्के साखर रसात आणली आणि तिच्या उसात तंतू साडेबारा टक्के होते. दुसरीने ९५.५ टक्केच आणली, पण तिच्या वाट्याला १५ टक्के तंतूंचा राठ ऊस आला होता. नुसत्या आकड्यांत पहिली पुढे. डिअर यांच्या सूत्रात घातलं की पहिली ९६ वरच राहते आणि दुसरी ९६.३६ होते. मार खाल्लेली मिलच खरी तरबेज होती. मिलपुढच्या उकळघरासाठीही असंच केलं जातं: रसाची शुद्धता ८५ धरून निकाल फिरवायचा, त्यासाठी गुंडू राव या भारतीय तंत्रज्ञांच्या नावाचं सूत्र आपल्याकडे रूढ आहे.

हे एकदा केलं आणि सुटलो असंही नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर कारखाने बी-हेवी (बरीच साखर शिल्लक असलेली) मळी आणि थेट रससुद्धा इथेनॉलकडे वळवू लागले. जी साखर पूर्वी पोत्यात पडायची ती आता टाकीत जाते. कागदावरचा उतारा पडला; तोच कारखाना जास्त पैसा कमावत असतानाही पडला. वळवलेली साखर परत मिळवून आकडा लिहिल्याशिवाय या वर्षाची गेल्या वर्षाशीसुद्धा तुलना होत नाही. धंद्यात असा बदल होतो तेव्हा यादीतली व्याख्या दुरुस्त करायला कुणीतरी बसावं लागतं. बहुतेक ठिकाणी कुणी बसत नाही, जुनाच तक्ता नव्या वर्षाची तारीख घालून छापला जातो.

त्या आर. टी. ८ (सी) मध्ये एक रकाना असा आहे की त्याच्यासाठीच मी हे प्रकरण साखरेपासून सुरू केलं. शंभर टन उसात समजा साडेतेरा टन साखर आली. बगॅसमधून ०.६० गेली, मळीतून १.१५, प्रेसमडमधून ०.०८, पोत्यात ११.५५ पडली. बेरीज १३.३८. उरलेली ०.१२ टन कुठे गेली? प्रयोगशाळा तिला ‘अनडिटरमाइंड लॉस’ म्हणते, म्हणजे हिशोब न लागलेली साखर. तीत सगळं येतं: उष्णतेने फुटलेली साखर, वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये उडून गेलेले थेंब, पंपाची गळती, काट्याची चूक, रात्रपाळीतल्या पोराने अंदाजे लिहिलेलं वाचन. ही घट वाढली की धावाधाव होतेच. पण ती शून्य आली किंवा वजा आली तर जाणता चीफ केमिस्ट जास्त अस्वस्थ होतो. साखर तापवली की थोडी तरी फुटणारच. एक कणही गेला नाही असं कागद म्हणत असेल तर वजन चुकलंय, पृथक्करण चुकलंय किंवा कुणीतरी आकडे जुळवलेत.

शेतकऱ्याचा संशय वेगळाच असतो. काटा मारला जातो, उतारा चोरला जातो, ही दोन वाक्यं उसाच्या पट्ट्यात कुठल्याही पारावर ऐकायला मिळतात. गंमत अशी की वजन खरंच कमी धरलं तर भागाकारात उतारा फुगतो. दोन्ही चोऱ्या एकाच कागदावर लपवायच्या म्हणजे बरीच कसरत करावी लागते, आणि त्या कसरतीचे डाग तंतूंच्या, बगॅसच्या आणि त्या बेहिशोबी घटीच्या रकान्यात उमटतात. रकाने एकमेकांना बांधलेले असले की त्यातला एकच फुगवून लिहिणं अवघड जातं. एक्केचाळीस सुट्या टिकांमध्ये असा कुठलाच धागा नसतो.

कागद कितीही चांगला असला तरी तो भरणारा कोण, हा प्रश्न उरतो. चेकलिस्टवर बोलणारा प्रत्येक वक्ता, ज्यातून वैमानिकांची चेकलिस्ट जन्मली त्या १९३५ सालच्या बोइंगच्या अपघातापासून सुरुवात करतो. ती गोष्ट मी सोडून देतो आणि तिच्या नातवंडाकडे येतो. शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टचं नाव निघालं की अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांचं नाव येतं. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे. गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एकोणीस मुद्द्यांची यादी काढली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीतलं एक, ती वापरून पाहिली. २००९ मध्ये निकाल छापून आले: शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर.

एवढं सगळ्यांना माहीत असतं. पाच वर्षांनी, २०१४ मध्ये, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला अभ्यास आला तो फारसा सांगितला जात नाही. तिथे सरकारने रुग्णालयांना ही यादी वापरल्याचा अहवाल देणं सक्तीचं केलं होतं. १०१ रुग्णालयं, लाखोंच्या घरात शस्त्रक्रिया. यादी वापरतो म्हणणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ शंभर टक्के. मृत्यूंचं प्रमाण ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ वर; संख्याशास्त्राच्या भाषेत फरक पडला असं म्हणता येत नाही. यादी तीच होती. मग फरक का पडला नाही, यावर डॉक्टरांमध्ये वाद झाले. माझं मत विचाराल तर, वरून मागवलेली टीक खाली मारली जाते आणि तेवढ्यावर तिचं काम संपतं. कुपवाडच्या शटरशेजारी मी तेच पाहिलं होतं.

आण्णांना मी साखरेच्या फॉर्मची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, “आमचा ऊस म्हणजे मशिनचे तास.” बरोबर पकडलं होतं. जॉबवर्कवाला शेवटी तासच विकतो. लॅमिनेट केलेली यादी आम्ही तिथेच राहू दिली, गिऱ्हाइकाला लागते म्हणून, आणि साध्या वहीच्या पानावर सात प्रश्न काढले. सगळे ‘किती’चे. सातही सांगत बसत नाही. त्यातल्या दोन प्रश्नांनी खरं काम केलं.

पहिला होता: आठ तासांच्या पाळीत मशिन किती वेळ कापतं? सुपरवायझर म्हणाला सात तास, आण्णा म्हणाले साडेसहा तरी. प्रत्येक मशिनला दोऱ्याने एक पाठकोरा कागद आणि पेन बांधलं, कापणं थांबलं की वेळ आणि कारण लिहायचं. दोन आठवड्यांची सरासरी आली ती अशी: ४८० मिनिटांपैकी कापणं २७५. सेटिंगला ८५. पहिला पीस तपासून ‘ओके’ येईपर्यंत ३५. कच्चा माल वेळेवर न आल्याने २०, लाइट गेल्याने १५. आणि ५० मिनिटं कशात गेली हे कुणालाच सांगता येईना. २७५ म्हणजे साडेचार तासांच्या थोडं वर. आण्णा बराच वेळ तो कागद हातात धरून होते.

पुढचं पाऊल तुलनेचं. दोन शेड सोडून असलेल्या शेजाऱ्याला विचारलं. तो छातीठोकपणे म्हणाला, सात तास! मोजण्याआधी आपल्या सुपरवायझरनेही हेच सांगितलं होतं, याची आण्णांनी त्याला आठवण करून दिली. चहावर व्याख्या ठरली: स्पिंडल फिरतंय आणि धातू कापला जातोय तेवढाच वेळ मोजायचा. शेजाऱ्यानेही कागद बांधले. त्याची ३२० मिनिटं निघाली. आण्णांचा चेहरा पडला.

आता साखरेचीच रीत लावायची होती. शेजारी एका गिऱ्हाइकाचे पाचपाचशे नग काढतो. त्याची दिवसाला एकच सेटिंग. आण्णांकडे साठ-सत्तर नगांची फुटकळ कामं, दिवसाला तीन सेटिंग. शेजाऱ्याला एका सेटिंगला पन्नास मिनिटं लागत होती, आण्णांच्या पोरांना अठ्ठावीस. सेटिंगमध्ये आण्णांची माणसं जवळजवळ दुप्पट वेगाची होती! राठ ऊस त्यांच्या वाट्याला आला होता, इतकंच. मग पैसा जात कुठे होता? दरात. दोघेही नगामागे तोच दर लावत होते. पाचशे नगांवर पन्नास मिनिटं पसरली की नगामागे सहा सेकंद येतात; साठ नगांवर अठ्ठावीस मिनिटं पसरली की अठ्ठावीस सेकंद. ते बावीस सेकंद आण्णा वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला फुकट देत होते. माणसांना आणखी हाणून हा तोटा भरला नसता. शंभराच्या खालच्या ऑर्डरला सेटिंगचे वेगळे पैसे, एवढी एक ओळ कोटेशनमध्ये वाढली. दोन गिऱ्हाइकं कुरकुरली, एक गेलं.

दुसरा प्रश्न उधारीचा. “महिन्याभरात येतात पैसे,” आण्णा म्हणाले होते. वर्षाची विक्री एक कोटी वीस लाख, येणं अठरा लाख. अठरा भागिले एकशेवीस, गुणिले ३६५: पंचावन्न दिवस. इथे तुलनेला शेजारी शोधायची गरजच नव्हती, कारण रेघ कायद्यानेच मारून ठेवली आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, करार काहीही असो, पंचेचाळीस दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत, असं २००६ चा कायदा म्हणतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून तर त्या मुदतीत पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी आयकरातून वजाही करता येत नाही. मोठी गिऱ्हाइकं मार्चमध्ये अचानक भली का वागू लागली, ते आण्णांना तेव्हा कळलं. या कायद्याचा आधार घ्यायला लागणारी उद्यम नोंदणी फक्त करायची राहिली होती. ती त्यांच्या पुतणीने मोबाइलवर करून दिली.

ज्यांना असा शेजारी मिळत नाही त्यांच्यासाठी एक खाण उघडी आहे आणि तिच्याकडे लहान उद्योजक फारसे फिरकत नाहीत. मार्च २०२१ मध्ये कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बदल झाला. तेव्हापासून कंपन्यांना ताळेबंदाच्या टिपांमध्ये अकरा गुणोत्तरं छापावी लागतात – माल वर्षात किती वेळा फिरला, येणी किती वेळा वसूल झाली, गुंतवलेल्या भांडवलावर किती सुटलं – आणि एखादं गुणोत्तर गेल्या वर्षापेक्षा पंचवीस टक्क्यांहून जास्त हललं तर त्याचं कारणही द्यावं लागतं. सूचिबद्ध कंपन्यांचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट असतात. आपल्या धंद्यातली एखादी कंपनी निवडा आणि आधी ते कारण वाचा. आकड्यापेक्षा तिथे जास्त मजकूर सापडतो. कंपनीचा आकार दहा हजार पट असेल, पण माल किती दिवस पडून राहतो हा प्रश्न तिला आणि तुम्हाला सारखाच लागू आहे. मात्र तिथेही ‘कशापासून’ विसरू नका. येणी वर्षअखेरची धरली की सरासरी, यावर आकडा चांगलाच बदलतो, आणि सणासुदीच्या धंद्यात ३१ मार्चचं चित्र आणि दिवाळीआधीचं चित्र यांत ओळख पटत नाही.

सरकारी योजनांतल्या याद्याही आहेत. लहान उद्योगांसाठीच्या झेड (‘झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट’) प्रमाणपत्राची यादी २०१६ मध्ये पन्नास निकषांची होती; २०२२ मध्ये योजना नव्याने मांडली तेव्हा ते वीसवर आले. यादी करणाऱ्यांनाच यादी छाटावी लागली, ही त्यातली शिकण्यासारखी बाब.

आण्णांच्या वहीतले सात प्रश्न आता पाच झालेत. मशिनच्या कागदावर मात्र त्यांनी स्वतःहून एक रकाना वाढवला, सगळ्यात खाली: ‘हिशोब नाही’. पन्नास मिनिटांवरून तो चाळीसवर आला, मग छत्तीसवर. पुढच्या महिन्यात मी गेलो तेव्हा सुपरवायझर आठवड्याचा तक्ता घेऊन आला. चेहऱ्यावर नुकतं बक्षीस मिळाल्यासारखं हसू. शेवटच्या रकान्यात सहाही दिवस शून्य.

आण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. “शून्य कसं आलं रे?”

“जमवलं, आण्णा.”

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग तक्ता घडी करून त्याच्या हातात परत दिला. “सोमवारपासून पुन्हा भर,” ते म्हणाले. “आणि संडासला गेलास तर तेही लिही.”